टॅनर्स फेरीच्या पुस्तकातलं पान

गुणाबाईला न्यायला गाडी आली तीच मुळी मोठी. मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांची ही रांग लागलेली, त्यातून वाट काढत तिच्या भाच्याची, प्रितमची पांढरी गाडी थेट तिच्या ओट्याशी येऊन थांबली आणि ड्रायव्हर दार उघडून उभा राहिला. आता तुम्हीच सांगा, माहेर असं कितीसं लांब? रिक्षात बसलं की अर्ध्या तासात काल्हेर. पन्नासहून जास्त वर्षं ती अशीच जात-येत होती, कधी एसटीनं, कधी टमटमनं, आणि एकदा तर पेंढ्याच्या ट्रॅक्टरवर बसून. आजच गाडी कशाला? कोण मेलं काय?

"कुनी न्हाय मेलं, आजी," ड्रायव्हर हसला. "हितेशशेठ टीव्हीवर येनार हायेत. मोठ्या बाईनं सांगितलंय, आत्याला घेतल्याबिगर येऊ नको."

टीव्हीवर? भावाचं धाकटं पोर, अकरा वर्षांमागं कॅनडाला गेलेलं. त्यानं तिथं असं काय करून ठेवलं की त्याला टीव्हीवर दाखवावं? गुणाबाईनं हिरवं लुगडं नेसलं, कानात कुड्या घातल्या आणि गाडीत बसली. डोक्यात नुसता गोंधळ.

दौलतच्या बंगल्यात तिला हाताला धरून मधल्या सोफ्यावर बसवलं. एका बाजूला दौलत, तिचा पाठचा भाऊ, पासष्टीचा. दुसऱ्या बाजूला त्याची बायको धोंडूबाई. थोरला मुलगा प्रितम उभ्या उभ्या फोनवर कुठल्या तरी गोदामातल्या गाडीची बोलणी करत होता. त्याची लेक पूर्वी, कॉलेजातली, रिमोट घेऊन टीव्हीपुढं फतकल मारून बसलेली.

"मना मधी कशाला बसवलंस गो?" गुणाबाईनं भावजयीला विचारलं.

"वन्सं, हितेशनं सांगितलंय. आत्या मधी पायजे."

"पन कशाला?"

"मना तरी काय ठाव? बस म्हनलं की बसायचं," धोंडूबाई म्हणाली आणि चहाचा कप तिच्या हातात दिला.

एक सांगायला हवं. हे माहेर म्हणजे गुणाबाईचा जीव, आणि त्याहून जास्त तिचा तोरा. मानकोलीला तिच्या आळीतल्या बायकांच्या माहेरच्या जमिनी गोदामांसाठी विकल्या जायला लागल्या, तशी एकेकीला भावांची बोलावणी आली. साडी, मटणाचं जेवण, आणि हात धुऊन होतात न होतात तोच पुढ्यात कागद: बापाच्या जमिनीतला माझा हक्क मी राजीखुशीनं सोडला. हक्कसोड. कुणी रडत सही केली, कुणी भांडून केली, पण केलीच. गुणाबाईला मात्र असं बोलावणं कधी आलंच नाही. चौदा वर्षांमागं खाडीकाठच्या दीड एकराचा बिल्डरशी सौदा झाला, त्यावर प्रितमच्या वाट्याची गोदामं उभी राहिली, हितेश परदेशी गेला, तरी तिच्यापुढं कुणी कागद ठेवला नाही. नळावर, लग्नात, हळदीकुंकवाला, जिथं विषय निघेल तिथं ती सांगायची, "माझ्या दौलतनं माझ्याकडं सही कवा मागितली न्हाय. त्याला बहीन पायजे, जमीन न्हाय." ऐकून ऐकून बायका वैतागल्या होत्या, पण खोटं कोण म्हणणार?

टीव्हीवर एकदम पाणी आलं. काळसर, रुंद, संथ पाणी, पलीकडच्या काठावर झाडंच झाडं. मग हितेशचं तोंड आलं, डोक्याला टोपी, अंगात नारिंगी जाकीट.

"आत्या! दिसतंय का?"

"दिसतंय रं! पन तुला टीव्हीत कुनी घातला?"

सगळे हसले. पूर्वीनं समजावलं, "आत्याआजी, हा नुसता व्हिडिओ कॉल आहे. फोनवरचंच, फक्त मोठं."

"मग ही गाडी, हे मधी बसवनं?"

"सांगतो, सांगतो," हितेश म्हणाला. तिकडं सकाळचे सात वाजले होते, इकडं दुपारचे साडेचार. त्यानं फोन फिरवून त्याचं गाव दाखवलं. गाव कसलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेली लाकडी घरं, एक दुकान, एक चर्च, एक शाळा आणि त्या शाळेत सगळी मिळून एकतीस पोरं. नाव टॅनर्स फेरी; फेरी म्हणजे इंग्रजीत नदी ओलांडायची होडी. वस्ती हजाराच्या आसपास. आपल्या एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात, असं प्रितम फोनवर हात ठेवून म्हणाला आणि परत गाडीच्या बोलण्याकडं वळला.

"नदीवर पूल न्हाय?" दौलतनं विचारलं. पोरं त्याला दादा म्हणत.

"चाळीस वर्षं होणार होणार म्हणतायत, दादा. म्हणून तर माझी नोकरी आहे." हितेशनं मागची सपाट होडी दाखवली. या काठापासून त्या काठापर्यंत पोलादाचा दोर बांधलेला, त्या दोराला धरून होडी जायची-यायची. एका खेपेला सहा मोटारी.

गुणाबाई पुढं सरकली. तिचा बाप धर्मा काल्हेरच्या खाडीवर होडी घालायचा. माणसं, भाताची पोती, शेळ्या, वऱ्हाडं, सगळं ह्या काठाचं त्या काठाला. वल्ही मारून त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेले. "भरतीला काय करता मग?" तिनं विचारलं.

"भरती नाहीच इथं आत्या, नदी आहे. पण हिवाळ्यात सगळी गोठते. मग होडी बंद, आणि मोटारी पाण्यावरूनच जातात."

"पान्यावरनं?"

"बर्फावरून. वाट चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना झाडाच्या फांद्या रोवतात. आणि एप्रिलमध्ये बर्फ कधी फुटेल यावर सगळं गाव पैजा लावतं. मधोमध एक पिंप ठेवतात, ते बुडायचा दिवस ज्यानं बरोबर सांगितला तो जिंकला."

"येडीच हायेत," धोंडूबाई म्हणाली, पण तिला ते आवडलं होतं.

मग हितेशनं मुद्द्याचं सांगितलं. गावाला दीडशे वर्षं झाली, म्हणून गावाचं पुस्तक निघतंय. गावात जितकी घराणी, तितकी पानं. चार पिढ्यांचं असो की कालपरवा आलेलं, प्रत्येकाला एकच पान: कुठून आले, का आले, आणि मागं कोण राहिलं. लिहिणारी डोरीन नावाची बाई, एक्याऐंशी वर्षांची, शाळेतून निवृत्त. रोज सकाळी ती पहिल्या खेपेला थर्मासमधून कॉफी घेऊन येते आणि हितेशला आजोबांच्या गोष्टी विचारते. काल संध्याकाळी तिनं त्यांचं पान पाठवलं. आज ते छापायला जायचं होतं.

"मी उघडलंच नाही अजून. म्हटलं सगळ्यांनी मिळून वाचू. आत्या मध्ये पाहिजे, कारण आजोबांची होडी तिनंच बघितलीय. काही चुकलं असेल तर ती सांगेल. डोरीनपण येईल इतक्यात, पंधरा-वीस मिनिटांत."

आता कुठं गुणाबाईच्या ध्यानात आलं की तिला का बोलावलं. बापाची आठवण सांगायला. तिला भरून आलं. तिनं भावाकडं पाहिलं, पण दौलत पडद्याकडंच बघत होता.

हितेशनं ते पान पूर्वीच्या फोनवर पाठवलं आणि ती वाचायला लागली. इंग्रजीतलं एक वाक्य वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. वर थोडं गावाबद्दल होतं. आधी तिथं मूळचे लोक राहायचे, नदी त्यांची होती. मग सरकारनं त्यांना उठवलं आणि लाकूडवाले आले.

"उठवलं? मग हितेश कुनाच्या जागेवर ऱ्हातो?" गुणाबाईनं विचारलं.

"आत्या, ते लई जुनं," प्रितम म्हणाला.

"जुनं असलं म्हनून काय झालं? कुनाची तरी असंल ना?"

पूर्वी पुढं गेली. वसंतात पाइनचे ओंडके नदीत सोडायचे आणि माणसं खिळ्यांचे बूट घालून त्या ओंडक्यांवरून चालायची. लाकडाची गिरणी होती, ती बंद पडली. १९२८च्या बर्फफुटीत नदीनं गावातल्या तीन मुली नेल्या. शाळेतून घरी येत होत्या. त्यांची नावं अजून शाळेच्या दारावर आहेत.

"अगो बाय," धोंडूबाई म्हणाली.

"आता आपलं," पूर्वी म्हणाली आणि सावरून बसली. "'आज जो आमची होडी चालवतो त्या हितेशच्या घरात होडी नवी नाही. भारतात भिवंडीजवळ त्याचे आजोबा धर्मा खाडीवर माणसं पलीकडं पोचवत. कुणाजवळ पैसे नसले तर मासळी घेत, मासळी नसली तर नुसतंच पोचवत.'"

"खरं हाय!" गुणाबाई ओरडलीच. "लिवलंय बघ कसं बाईनं!"

"'धर्मा यांना एक मुलगा, दौलत, हितेशचे वडील. आणि एक मुलगी...'" पूर्वी थांबली. तिनं मागची ओळ परत वाचली, मनातल्या मनात.

"वाच की. माझंच असंल," गुणाबाई हसत म्हणाली.

पूर्वीनं वाचलं, पण आवाज उतरला होता. "'आणि एक मुलगी, गुणाबाई. ती १९७१ साली, सतराव्या वर्षी, लग्नाआधीच वारली.'"

प्रितमनं फोन कानावरून खाली घेतला. टीव्हीत हितेशचं तोंड तसंच उघडं राहिलं. क्षणभर वाटलं नेट गेलं.

"कोन वारली?" गुणाबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. घरात तिच्या नावाची आणखी कुणी होती का? बापाला आधीची एखादी पोर झाली होती काय?

"पुढं वाच," धोंडूबाई म्हणाली.

"'कशानं गेली ते कागदात लिहिलेलं नाही. पण नदीकाठच्या गावांना माहीत असतं की मुली कशा जातात. दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी आम्ही आमची दफनभूमी फुलांनी सजवतो आणि दूर देशी राहिलेल्या आमच्या माणसांच्या मृतांची नावं वाचतो. यंदा आम्ही गुणाबाईचं नाव वाचलं. बावन्न माणसं टोपी काढून उभी राहिली. हितेश आणि त्याची पत्नी रूपा ड्युटीवर होते, त्यांना आम्ही सांगितलं नाही. हे पान वाचूनच त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती.'"

पूर्वीनं फोन खाली ठेवला.

आता त्या घरात काय झालं ते नीट सांगणं कठीण, कारण सगळे एकदमच बोलायला लागले. हितेश म्हणत होता, मी असं काही सांगितलं नाही, देवाशपथ नाही. प्रितम म्हणत होता, टायपिंगची चूक आहे, बाई म्हातारी आहे. धोंडूबाई म्हणत होती, बावन्न मानसं उभी ऱ्हायली? जित्या बाईसाठी? तिला त्यातलं कशाचं वाईट वाटावं तेच उमगेना. दौलत खाली वाकला. त्यानं पायातली चप्पल काढली, परत घातली.

"पण पप्पा, टायपिंगची चूक कशी असेल?" पूर्वी म्हणाली. "साल दिलंय. वय दिलंय. आणि ती म्हणते, 'कागदात.' काका, कुठला कागद?"

हितेशनं कपाळावर हात मारला. "डोरीननं फॅमिली ट्री मागितला होता. माझ्या व्हिसाच्या जुन्या फाईलमध्ये त्याच नावाचा कागद होता, पैसे कुठून आले ते दाखवायला एजंटनं तेव्हा जमिनीचे सगळे कागद इंग्रजीत करून घेतलेले. मी न बघताच पाठवला." तो थांबला. "दादा, तो जमिनीच्या वेळचा होता. वंशावळ. तुमची सही आहे त्यावर."

वंशावळ म्हणजे काय ते गुणाबाईला ठाऊक होतं. मानकोलीतल्या सगळ्याच बायकांना ठाऊक होतं. जमीन विकायची तर मूळ मालकाचे वारस किती आणि कोण, ते शपथेवर लिहून द्यावं लागतं. बहीण दाखवली की बहिणीची सही लागते.

तिनं कप खाली ठेवला. तो बशीत बसेना, म्हणून जमिनीवर ठेवला.

"प्रितम," ती म्हणाली. "मना मारली कवा रं?"

"आत्या, तसं न्हाय..."

"मग कसं हाय?"

प्रितम घोगऱ्या आवाजात सांगू लागला. वकिलाचा कारकून म्हणाला, आत्या दाखवली तर सही लागेल. नुसतं मयत लिहिलं तर तिची मुलं वारस येतील. लग्नाआधीच मयत लिहिलं की प्रश्नच मिटला. घाई होती. पार्टी दुसरीकडं जाईल असं झालं होतं. "आणि भरत आडवा आला असता. तुझा भरत तेव्हा कसा होता ते तुलाच ठाऊक. हिस्सा मागितला असता."

"माझ्या पोराच्या भीतीनं मना मारली?"

"कागदावर, आत्या. नुसतं कागदावर."

धोंडूबाई उठून उभी राहिली. आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई, पण आज तिचा आवाज पार पोर्चपर्यंत गेला. "तुमी मना सांगितलं, बायच्या सहीचं काम झालंय. बाय राजी हाय. चौदा वरसं मी तुमाला भाऊबीजेला हिच्यापुढं पाटावर बसवतंय, आनि तुमी हिला पोरपनीच जाळून आलात?"

"तुला काय कलतं त्यातलं?" दौलत पुटपुटला.

"कलतं! जिती बाय समोर बसलीय, एवढं कलतं!"

गुणाबाईला मात्र त्या घडीला दौलत दिसत नव्हता की प्रितम. तिला नळावरच्या बायका दिसत होत्या. माझ्या दौलतनं सही कवा मागितली न्हाय. चौदा वर्षं ती हेच सांगत फिरली होती, छाती पुढं काढून. आणि खरंच तर होतं ते. एक शब्द खोटा नव्हता. मेलेल्याकडं सही कोण मागतो? तिला इतकी लाज वाटली की तिनं पदर तोंडावर ओढला.

"आता ती बाई येईल," हितेश घाईघाईनं म्हणाला. "काय सांगू तिला? दादा, बोला ना काही तरी!"

"काय सांगायचं? आहे तसं राहू दे," प्रितम म्हणाला. "कॅनडातलं पुस्तक इथं कोण वाचतंय? तू तिथं लेखी दिलंस की आत्या जिवंत आहे, तर उद्या इथला कागद खोटा ठरेल. गोदामं कुठल्या जमिनीवर आहेत, ठाऊक आहे ना?"

"आणि माझं काय? तोच कागद माझ्या व्हिसाच्या फाईलमध्येही आहे." हितेशचा चेहरा बारीक झाला होता. आत्ताआत्तापर्यंत तो आत्याच्या बाजूचा होता; आता त्याची नजर इकडंतिकडं पळायला लागली. "आपण असं करू का... बहिणीचा उल्लेखच काढून टाकू. वारलीही नको, जिवंतही नको. 'धर्मा यांना एक मुलगा.' संपलं. कुणाला त्रास नाही."

"हां, हे बरं," दौलत म्हणाला. हे त्याला पटकन पटलं. "वगळून टाक."

"म्हणजे आत्याआजी जन्मलीच नाही?" पूर्वीनं विचारलं.

"तू गप बस," प्रितम तिच्यावर खेकसला.

पूर्वी उठून सोफ्यापाशी आली आणि गुणाबाईच्या पायांशी जमिनीवर बसली. गुणाबाईनं तोंडावरचा पदर काढला. मघाशी तिला मारलं होतं. आता तर तिला जन्मालाच घालत नव्हते. आई गेली तेव्हा दौलत तीन वर्षांचा होता, हिच्या कडेवर. हिनं त्याला भात कुस्करून भरवला, हगवण लागली तेव्हा रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसली. ती कोण होती मग? ती कडेवरची जागा कुणाची होती? तिला काही कळेनासं झालं. आपण नक्की आहोत ना, हे बघायला तिनं कानातल्या कुडीला हात लावला.

"हॅलो!" टीव्हीतून बाईचा आवाज आला.

डोरीन पडद्यात आली. पांढरे केस, मोठा चष्मा, हातात थर्मास. हितेशनं तिला फोनपुढं जागा करून दिली. न देऊन करतो काय? ती हसून भराभर काही बोलली. पूर्वी हळूच सांगू लागली, "म्हणते, तुम्हा सगळ्यांना बघून आनंद झाला. पान आवडलं का विचारते."

डोरीननं एकेकाकडं पाहिलं आणि परत काही विचारलं.

"विचारते, मधे हिरव्या कपड्यात बसल्यात त्या बाई कोण?"

प्रितमनं लेकीकडं डोळे वटारले. हितेश पाण्याकडं बघायला लागला. धोंडूबाईनं तोंड उघडलं, पण इंग्रजी कुठून आणणार?

गुणाबाई उठली. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिनं छातीवर हाताचा पंजा ठेवला.

"गुणाबाई," ती म्हणाली.

हे समजायला इंग्रजी नको होतं. महिन्यामागंच ते नाव त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं वाचलं होतं. डोरीननं थर्मास खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिथंच एका उलट्या बादलीवर बसली आणि दोन्ही हात तोंडावर धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती काय म्हणत होती ते पूर्वीला धड सांगताच येईना. "म्हणते... म्हणते, मी तुमच्यासाठी रडले होते. म्हणते, माझ्या बागेतली फुलं ठेवली होती." जरा वेळानं बाई गंभीर झाली. "विचारते, मग कागदात असं कसं आलं?"

गुणाबाई मागं वळली. "दौलत, तू सांग तिला."

"बाय..."

"मी सांगनार न्हाय. प्रितमनं न्हाय, हितेशनं न्हाय. सही तुझी हाय. तू बोल, पोर इंग्लिश करल."

दौलतनं तोंड वर केलं. होडी सुटायची वेळ झाली होती. तिकडं मागं दोन मोटारी येऊन उभ्या राहिल्या.

"प्रितम सांगतोय ते खरं न्हाय," तो म्हणाला. "भरतची भीती न्हवती. कागद करून आनला होता, हक्कसोडीचा. मी तो घेऊन मानकोलीला आलो होतो, बाय. तू मना जेवाया वाढलंस. निवट्यांचं कालवन. मी ताट चाटून खाल्लं नि कागद खिशात तसाच घेऊन परत आलो. तुझ्यापुढं धरायला हातच धजला न्हाय. तू मना वाढवलंस, नि मी तुझ्याकडनं काय लिवून घेनार? मग कारकून म्हनला, दुसरा रस्ता हाय. मना सोपा वाटला."

पूर्वी इंग्रजीत सांगत होती आणि रडत होती. मध्येच तिला शब्द सापडेना. निवट्यांना काय म्हणतात ते तर सापडलंच नाही, म्हणून तिनं नुसतं मासे म्हटलं.

"माझी लाज वाटली, म्हनून मना मारलीस?" गुणाबाईनं विचारलं.

दौलतनं होय म्हणून मान हलवली.

"येड्या," ती म्हणाली, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले. "मागितली असतीस तर दिली असती रं. तसंच खरकट्या हातानं अंगठा दिला असता."

पलीकडं एका मोटारीनं हॉर्न वाजवला. डोरीननं त्या मोटारीकडं न बघता हात वर करून तिला थांबवलं, आणि जाकिटाच्या खिशातून पेन्सिल आणि वही काढली.

"विचारते, पानात काय लिहू?"

प्रितम पुढं आला. "आत्या, जरा विचार कर..."

"हितेश," गुणाबाई म्हणाली. "तुझं काय हुईल ते तू निस्तर. मी काय तुझा कागद केला न्हवता." हितेशनं मान खाली घातली. मग ती पूर्वीला म्हणाली, "लिव म्हनावं. धर्माला दोन पोरं. थोरली गुणाबाई. मानकोलीला ऱ्हाते. जिती हाय. आनि म्हनावं, जी बावन्न मानसं उभी ऱ्हायली, त्यांना म्हनावं बसा आता."

डोरीननं ते सगळं लिहून घेतलं. शेवटचंही लिहिलं. मग वही छातीशी धरून तिनं गुणाबाईकडं पाहून हात हलवला, आणि होडी सुटली. हितेशनं फोन बंद केला, की झाला, कोण जाणे. पडद्यावर एकदम गोदामाच्या जाहिरातीसारखं निळं काही तरी आलं.

धोंडूबाई चहाचे कप उचलत होती, उगाचच, अर्धे भरलेलेसुद्धा. प्रितम दोन येरझारा घालून आत्याच्या समोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा आता बदलला होता. मनात काही तरी जुळवून आणल्यासारखा.

"आत्या," तो मऊ आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. दादांनी कबूल केलं, मी पण माफी मागतो. तू आत्ताच म्हणालीस ना, मागितली असती तर दिली असती? मग आज मागतो. सगळं एकदाच सरळ होऊन जाईल. मी उद्या सकाळी कागद करून आणतो मानकोलीला. तुझ्या मनात काही नाही, मला ठाऊक आहे."

दौलत सोफ्यावर पुढं सरकून बसला. त्याच्या डोळ्यांत आशा होती, आणि ती गुणाबाईनं पाहिली.

"आनू नको," ती म्हणाली. "तुझ्या कागदावर मी मेलीय न्हवं? मग मेलेल्या बाईचा अंगठा कुठनं घेशील?"

प्रितम फोन चाळत बाजूला झाला. दौलत मात्र गुडघ्यांवर हात टेकत उभा राहिला. "बाय," तो म्हणाला, आणि पुढं काय म्हणायचं ते त्याला सापडेना. गुणाबाई त्याच्यासाठी थांबली. चांगली थांबली, धोंडूबाईचे सगळे कप आत नेऊन होईपर्यंत. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरायला लागली.